तुडुम उघडणारे दोघे

मालगुजाराच्या नातवाने म्हाताऱ्याला फसवलं, आणि म्हाताऱ्याला माझ्याकरवी बोलावून मलाही फसवलं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या धंद्यात मला कोणी फसवू शकलं नाही, म्हणून हे अजून सलतं.

लाखनीला हायवेवर माझं दुकान. म्हातारा रोज येऊन भिंतीला पाठ लावून बसायचा. बाहेर गाडी थांबली की चहाची बशी तशीच धरून विचारायचा, "कोन उतरला?"

मी म्हणायचो, गिऱ्हाईक.

"नीट पाय, बापू."

एकदा वरातीची जीप थांबली, तरी हा मागच्या दाराशी. मी म्हणालो, "बाबाजी, नवरदेव हाय. तुमाले न्याले नाई आला." तो हसला, पण पुढे आला नाही. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. भित्रा म्हणून आपण त्याला सोडून देतो.

या भित्र्याने इंग्रजांच्या काळात मालगुजाराच्या तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं होतं. गावाने वेठबिगारी नाकारली म्हणून मालगुजाराने, गावच्या जमीनदाराने, पाणी अडवलं. धान निसवत होता, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भेगाळल्या होत्या. गाव लाठ्या घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभं राहिलं, आणि हा व त्याचा जोडीदार सोमा पाण्यात उतरले.

सकाळी पोलिसांची मोटार आली. हा वेशीजवळच्या धानात पालथा पडून लपला. सोमाला घरातून ओढून नेलं. तो तुरुंगातून परतला नाही.

"मोटारीतून पयले कोन उतरला, ते म्या पायलं," हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही शटर अर्धं ओढायला लावून. मालगुजार उतरला होता. सोमाचं घर त्यानेच बोटाने दाखवलं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाल्यानंतरची गोष्ट. नातू दुकानात आला. तलावावर कमान उभारतोय, बाबाजींचा सत्कार करू, म्हणाला. मी अट घातली, कमानीवर सोमाचं नाव हवं. "असणारच," तो म्हणाला. तेवढ्यावरच म्हातारा यायला तयार झाला.

कमानीवर नाव होतं त्याच्या आजोबांचं, त्याच मालगुजाराचं. नातू माइकवर सांगत होता, इंग्रजांना न जुमानता आजोबांनीच रयतेसाठी तुडुम उघडलं. मग म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "खरं आहे ना, बाबाजी?"

म्हाताऱ्याने चपला मंचाखालीच काढल्या होत्या. अंगावर सत्काराची शाल होती. समोर सोमाची बायको बसली होती.

"हो, मालक."

मी खुर्ची लाथाडून ओरडलो. माझ्यामागे कोणी उठलं नाही. सोमाची बायको उठली, पदर सावरून घराकडे चालू लागली.

परतताना म्हातारा एवढंच बोलला, "सोमाच्या बुढीनं आयकलं असन का, बापू?"

माइक खरखरत होता, मी म्हणालो.

तो पुन्हा दुकानात आला नाही. त्याच हिवाळ्यात गेला. आता गाडी थांबली की माझीच मान वळते.

कमान अजून उभी आहे. नातवाने तिच्याखाली, त्याच माइकवर, सोमाच्या बायकोदेखत उत्तर द्यावं. त्या सकाळी मोटारीतून सगळ्यांत आधी कोण उतरलं?