इमारत सांभाळणाऱ्या घाग मॅडम

घाग मॅडम कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी भिंतीला तळहात लावत. गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा, हलकेच. बँक असो नाहीतर लग्नाचं कार्यालय; समोरचा माणूस 'या, बसा' म्हणत असायचा आणि मॅडम खिडकीखालची ओल चाचपत असायच्या. सुरुवातीला आम्हाला त्याचं हसू यायचं. पुढे आमचेही हात आपोआप भिंतीकडे जाऊ लागले.

बारावीनंतर मी रत्नागिरीत फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या कोर्सला आले, ते खरं तर त्या नावाचा अर्थ नीट न कळताच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, विचारणार कोणाला? पहिल्या दिवशी मॅडमनी मलाच उभं केलं. "काय असतं गं हे?"

"सुविधा व्यवस्थापन," मी म्हणाले.

"ते नुसतं मराठी झालं. असतं काय?"

मग त्याच म्हणाल्या, "आई तापाने झोपली की घरात जे जे अडतं ना, ते. बस खाली."

मॅडम सावर्ड्याच्या. मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलची इमारत त्यांनी बरीच वर्षं सांभाळली होती. लिफ्ट, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, साफसफाई, सगळं त्यांच्याकडे. पुस्तकातला धडा त्या शिकवत, पण अर्ध्यावर पुस्तक मिटून आम्हाला कॉलेजच्या गच्चीवर नेत. पावसाच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी साचलेला पाला काढायला लावत आणि म्हणत, "आपल्या कामाला कोणी टाळ्या वाजवणार नाही हं. लिफ्ट चालली म्हणून कोणी पेढे वाटतं का? बंद पडली की मात्र सगळे आपलं नाव विचारतात."

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी आम्हाला गणपतीपुळ्याच्या एका लॉजवर पाठवलं. माझ्याकडे स्वच्छतागृहं आली. एका दुपारी मी बॅटरी घेऊन, वाकून, फ्लशच्या टाकीची गळती शोधत होते. नेमके आमच्या वाडीतले एक काका दर्शनाला येऊन त्याच लॉजवर उतरले होते, त्यांनी पाहिलं. मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती.

बाबा दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागेत कामाला जातात. ते ओरडले नाहीत. पायरीवर बसून एवढंच म्हणाले, "बाय, उद्यापासून जायाचं नाय. लोकांचे संडास बगायला कॉलेज कशाला लागतंय?"

प्रॅक्टिकल चुकलं तर वर्ष जाणार होतं, आणि गेलेलं वर्ष आमच्या घरात कोणी परत देत नाही. मी मॅडमना फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम एसटीने आमच्या घरी आल्या. आईने पाणी दिलं. मॅडमनी आमच्या चिऱ्याच्या भिंतीला हात लावला आणि बाबांना विचारलं, "पावसाआधी या बाजूला झावळ्यांचे झाप बांधता ना?"

"बांधायलाच लागतात. झड बसली तर भिंत जाईल."

"मग आम्ही तरी दुसरं काय शिकवतो?"

बाबांनी मान हलवली. "मॅडम, ती माजी भिंत हाय. तुमी संडासाचं बोला."

मला वाटलं, संपलं. पण मॅडम मोकळ्या हसल्या. "बरोबर पकडलंत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझे वडील गावात सांगायचे, पोरगी हॉस्पिटलात आहे. लोकांना वाटायचं, नर्स. वडिलांनी कधी तसं नाही म्हणून सांगितलं नाही. ते गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं मला 'सिस्टर' म्हणत होती. मीही काही बोलले नाही. माझ्या हाताखाली साठ-सत्तर माणसं होती हो, दादा. पण बापाच्या तोंडून माझं काम मला कधी ऐकायला मिळालं नाही."

बाबांनी मॅडमपुढचा रिकामा तांब्या उचलून आत नेला. मग आईला म्हणाले, "चाय टाक." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे करून ओटीवर आले, तेव्हा त्यांनी कोणालातरी सांगून मला लॉजवर सोडायला गाडी थांबवून ठेवली होती.

पुढे मॅडमना पुण्यात नोकरी लागली आणि त्या गेल्या. मी पास झाले, नोकरीला लागले. यंदा गणपतीत आरतीनंतर घर भरलेलं असताना त्याच काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगी काय करते हल्ली?" मी आत मोदकांचं ताट भरत होते. बाहेरून बाबांचा आवाज आला, "मोठ्या इमारती सांभाळते. संडासापासून गच्चीपर्यंत सगळं तिच्या हातात हाय."

रात्री मी मॅडमना फोन करून हे सांगितलं. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"मॅडम?"

"आहे गं," त्या म्हणाल्या. "काय म्हणाले ते परत सांग. त्यांच्याच शब्दांत सांग."