भलतीच पाटी

सातारा–मेढा एसटीच्या कंडक्टरबाई प्रवाशांना गावाच्या नावानंच हाका मारतात. “ओ कण्हेर, सरका पुढं!”

चौथीतल्या माझ्या लेकीला, जुईला, सगळे थांबे तोंडपाठ, पण गाडी ओळखायची ती चेपलेल्या पत्र्यावरून. हे हेरलं बाईंनीच. “आवं ताई, पोर लय हुशार हाय, पण पाटी वाचंना. माझ्या लेकीचंबी असंच व्हतं. डॉक्टरला दावा.”

डिसलेक्सिया निघाला. शिकवायची रीत बदलली.

काल बाईंनी मुद्दाम भलत्याच गाडीची पाटी जुईपुढं धरली. “वाचल्याबिगर गाडी हलणार न्हाई.”

जुईचं बोट अक्षरांवरून हळूहळू सरकलं.

“फ... ल... फलटण! अहो, पण आपण मेढ्याला चाललोय ना?”

कण्हेरनं टाळ्या पिटल्या. बाईंनी बेलची दोरी जुईच्या हातात दिली. “मार डबल, कंडक्टर!”