गावंडे सरांची गाडी तापते

आमच्या गाडीचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. उभ्या गाडीच्या काचेवर धूळ बसते, तसे ते बसत गेले. 'आमची' आपलं म्हणायचं. तेरा वर्षांची ती छोटी पांढरी गाडी गावंडे सरांची. अमरावतीहून आम्ही तिघं रोज तिच्यातून अकोल्याच्या कॉलेजात जातो. फिजिक्सचे गावंडे सर, इतिहासाचे ढोले सर आणि लायब्ररी सांभाळणारी मी.

*

पहिल्यांदा तापली ती मूर्तिजापूरच्या पुढं. बॉनेटमधून वाफ! ढोले सर रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तर गावंडे सरांनी त्यांचा हातच धरला. "अर्धा तास झाकणाले हात लावायचा नाही."

मग लिंबाखाली बसलो आणि अर्ध्या तासानं शेजारच्या शेतातलं बोअरचं पाणी ओतून निघालो. पुढं दोन वर्षं तेच क्षाराचं पाणी ओतत राहिलो. शेवटी राजापेठेतल्या मेकॅनिकनं रेडिएटर उघडून पाहिला. "सर, एवढ्या चुन्यात एक खोली रंगवून होईन."

*

त्याच मेकॅनिकनं डॅशबोर्डवर रेडिएटरच्या फॅनचं वेगळं बटण बसवून दिलं. तापमानाचा काटा वर सरकला की दाबायचं. ढोले सर पुढं बसतात, म्हणून काम त्यांच्याकडे. पण बडनेरा सुटलं की त्यांचा डोळा लागतो. एकदा बटणावर बोट ठेवून झोपले आणि काटा लालवर गेला. हलवून उठवलं तर म्हणाले, "मी ड्युटीवरच आहो ना."

*

मे महिन्यात गावंडे सरांनी हीटर लावला. इंजिनची उष्णता आत ओढली की इंजिन वाचतं, असं त्यांचं शास्त्र. इंजिन वाचलं. परीक्षेच्या ड्युटीला आम्ही निथळत उतरलो. फाटकावरच्या शिपायानं आधी आम्हाला पाहिलं, मग आभाळाकडं. "बोरगावकडं पाणी आलं काय, सर?"

*

खरं सांगायचं तर मला ते थांबणं आवडायला लागलं होतं. काटेपूर्णेच्या पुलाजवळ वाफ हळूहळू विरायची, ढोले सर गवतावर आडवे व्हायचे, ट्रकसुद्धा कुठूनतरी लांबून गेल्यासारखे वाटायचे. घर आणि कॉलेज दोन्ही दुसऱ्याच कुणाची असावीत, असं वाटायचं. वहिनी गेल्यापासून गावंडे सर घरी एकटेच. मनातलं बोलायचे ते इथंच.

मग एकदा पुण्याहून त्यांच्या मुलीचा, प्राजक्ताचा, त्यांना फोन आला. गाडी यापुढं रस्त्यात एकदा जरी बंद पडली तरी विकायची, असं तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. गाडी गेली की गावंडे सर रेल्वेनं, ढोले सर एसटीनं, मी मिळेल त्यानं. मग स्टाफरूममध्ये एकमेकांकडं बघून मान हलवायची, संपलं.

*

डिसेंबरात प्राजक्ता आली आणि स्वतःच म्हणाली, चला सगळे मेळघाटात, सेमाडोहला, हीच गाडी घेऊन. गाडीची परीक्षाच ती.

परतवाडा सोडून घाट लागला आणि काटा चढायला लागला. सरांनी गुपचूप हीटर लावला. ढोले सरांनी मफलर गुंडाळला, मी शाल. "मेळघाटात लय थंडी राहते," ढोले सर म्हणाले, आणि घाम त्यांच्या कानामागून मफलरात उतरला. माझ्याशेजारी प्राजक्ता खिडकीतून साग बघत होती.

एका वळणावर तीच म्हणाली, "बाबा, थांबवा आता. इथं सावली आहे."

थांबलो आणि बॉनेटमधून वाफ आली. सरांचा चेहरा मला बघवेना. प्राजक्तानं डिकीतून आपली पिशवी काढली. तिच्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पाच लिटरचा कॅन होता. तो तिनं पुढच्या चाकाजवळ ठेवला आणि झाकणाला हात न लावता आमच्यात येऊन बसली.

सागाचं एखादं पान सावकाश खाली यायचं. मग सर वहिनींबद्दल बोलायला लागले, काटेपूर्णेजवळ आमच्याशी बोलायचे तसेच. लग्नानंतर दोघं याच रस्त्यानं एसटीनं आले होते, वहिनींना गाडी लागली होती आणि तरी त्या खिडकी सोडायला तयार नव्हत्या. प्राजक्तानं यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

बऱ्याच वेळानं सरांनी घड्याळ पाहिलं आणि ते उठले. "तास होऊन गेला. चला, थंड झालं इंजिन."

प्राजक्तानं गाडीकडं वळूनही पाहिलं नाही.

"बसा बाबा," ती म्हणाली. "अजून गरमच असन."