चष्मेवाल्यासाठी दुर्बीण

ज्यांचे आयुष्य लिहिण्यात गेले त्यांच्या पंगतीत, एकसष्टाव्या वर्षी, आमंत्रणावाचून येऊन बसल्याबद्दल आधी क्षमा मागते. मी अबुधाबीतल्या एका शाळेत सव्वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. माझे लेखन फळ्यावरचे, आणि तेही तास संपला की पुसले जाई. शिवाय विषयही असा, की आमच्या घरात त्याचा उच्चारदेखील विपरीत वाटावा: हरणाच्या शिकारीच्या बंदुकीवर बसवायची दुर्बीण.

आमचा एकुलता मुलगा इथेच वाढला, शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला. त्याचे सासरे दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात. गेल्या वर्षी त्यांनी जावयालाही बरोबर येण्यास सांगितले. तेव्हा त्याचा फोन आला.

"आई, यू टॉट ऑप्टिक्स ऑल युवर लाइफ. हेल्प मी पिक अ स्कोप."

लग्नानंतर त्याने मला काही विचारले, ते हे पहिलेच. हरणाचा विचार मनात आला नाही असे नाही. परंतु आपल्याला विचारले गेले, याचा आनंद त्याहून मोठा ठरला, हे आज लिहितानाही मला लाज आणते.

हे म्हणाले, "आयुष्यभर घरात अंडं शिजू दिलं नाहीस. आता पोराला हरणावर नेम धरायला शिकव!"

शहरात शिकारीच्या सामानाचे एक दुकान आहे. परवान्यावाचून तिथे असल्या वस्तू विकत मिळत नाहीत, मात्र पाहू देतात. खलिफा सिटीतल्या आमच्या घरून बसने मी तिथे तीनदा गेले. गल्ल्यामागचे गृहस्थ रत्नागिरीकडचे निघाले. माझी साडी आणि हातातली वही पाहून त्यांनी विचारले, "काय मॅडम, शाळेतली पोरं फारच दंगा करतात काय?"

मी ओशाळून हसले आणि खरे कारण सांगितले. त्यांनी मग मन लावून समजावले. मुलाच्या भागात वस्ती दाट, म्हणून लांब पल्ल्याच्या रायफलला बंदी. शॉटगनमधून एकच जाड गोळी सोडायची. तिचा पल्ला जेमतेम शंभर मीटर, त्यामुळे फार मोठे दाखवणारी दुर्बीण निरुपयोगी.

"आणि धक्का असा देते मॅडम, की दुर्बीण मागं येऊन भुवईवर आदळते. त्यात चष्मा असेल तर खलास."

"त्याला चष्मा आहे," मी म्हणाले.

मुलाला तिसरीत असताना चष्मा लागला. फळ्यावरचे दिसत नाही हे त्याने सांगितले नव्हते. ते मीच ओळखले होते. अमेरिकेत चष्मे महाग, म्हणून दर वर्षी करामा भागातल्या एका चष्मेवाल्याकडून मी नवा करून घेई आणि तिकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून पाठवी. करायला टाकण्यापूर्वी फोनवर विचारी, "नंबर तोच ना?" तो म्हणे, "सेम, आई." व्हिडिओ कॉलवर त्याच्या डोळ्यांवर चष्मा दिसत नसे. मी विचारले, तर म्हणाला की घरात तर जवळचेच पाहायचे असते. लघुदृष्टी असलेल्याला जवळचे चष्म्याविना दिसते, हे मीच वर्षानुवर्षे शिकवत आले. मला ते उत्तर बिनचूक वाटले.

दुकानात माझाच चष्मा नाकावर ठेवून मी एकेक दुर्बीण डोळ्याला लावली. काही दुर्बिणींत डोळा अगदी जवळ नेल्याशिवाय पूर्ण चित्र दिसत नव्हते. एकीत मात्र काच चार बोटे दूर ठेवूनही दिसत होते. नऊ पानांचे पत्र लिहिले, आकृत्या काढल्या, पानांचे फोटो पाठवले. सासऱ्यांनी सुचवलेल्या दुर्बिणीत डोळा फार जवळ न्यावा लागतो, ती चष्मेवाल्याने कदापि घेऊ नये, असे अधोरेखित केले.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"आई, सो स्वीट! बट आय डोन्ट वेअर ग्लासेस. आय हॅड लेझर डन."

"कधी?"

"फोर इयर्स अगो. यू वुड हॅव वरीड."

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत औषधाचे थेंब कोणी घातले, एवढेच मी विचारले.

"हर मॉम. शी स्टेड अ वीक."

"आणि मी पाठवलेले चार चष्मे?"

"यू लाइक सेंडिंग देम, आई."

दुर्बीण त्याने सासऱ्यांनी सुचवलेलीच घेतली होती, माझे पत्र पोचायच्या आधी. चष्मा नसलेल्याला ती योग्यच आहे. शिक्षिका म्हणून मला त्यात एकही गुण कापता येत नाही. नोव्हेंबरात त्याने फोटो पाठवला. सासरे हसत होते, तोही हसत होता, आणि त्या दोघांमध्ये बर्फावर हरीण पडलेले होते. मी फोटो मोठा करून पाहिला तो केवळ त्याचे डोळे दिसावेत म्हणून.

परवा करामातल्या चष्मेवाल्याचा निरोप आला. "मॅडम, साहेबांचा या वर्षीचा बनवायला घेऊ ना? नंबर तोच?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. तुम्ही काय कळवले असते?