दसऱ्याच्या दिवशी गाडीचं आयडलिंग

आता हसणार नसाल तर सांगतो. अख्ख्या गल्लीत सध्या माझं जे नाव झालंय ना, ते एका स्क्रूमुळे!

बाबांची जुनी डिझेल गाडी. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद! सिटी सेंटरला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी तर परस्पर कबाडवालाच ठरवून टाकला. मी भडकलो. म्हटलं, "दसऱ्याला सोनं द्यायला ह्याच गाडीतून येतो. वाटेत एकदा जरी बंद पडली, तर खुशाल भंगारात घाला!"

दसऱ्याला सकाळीच आमच्या गल्लीत, दाना ओलीत, बोनट उघडलं. आयडलिंगचा, म्हणजे पाय काढल्यावरही इंजिन चालू ठेवणारा स्क्रू इंजिनातल्या डिझेलच्या पंपावर असतो, एवढं मला ठाऊक. कुठल्या बाजूला फिरवायचा, हे काय विचारायचं?

"सुनंदा, आत बस. गाडी चालू कर आणि पाय काढ!"

"अहो, मिस्त्रीला बोलवा ना," बायको म्हणाली.

"मिस्त्री कशाला? मी मेलोय का?"

शेजारचे गुप्ताजी दात घासत बघत उभेच होते.

स्क्रू डावीकडे फिरवला. इंजिनाचा आवाज चढला! आणखी फिरवला, आणखी चढला! क्या बात है! "ह्याला म्हणतात हात!" मी गल्लीला ऐकवलं. चालू गाडीलाच हार घातला, हळदकुंकू वाहिलं.

"चल, उतर. मी चालवतो."

सुनंदा उतरली. गाडीने एक आचका दिला आणि गप्प!

"अगं, काय केलंस?"

"काही नाही हो, पाय काढला. पूजेच्या दिवशी बंद पडली तर अपशकुन नाही का? तुम्ही स्क्रू फिरवला की ती मरायला लागायची, मग मी ॲक्सिलरेटर आणखी दाबायचे."

म्हणजे इतका वेळ मी स्क्रू उलटाच फिरवत होतो! गुप्ताजींचा ब्रश तोंडातच राहिला.

मग सुनंदाला लांब उभं केलं, स्क्रू उजवीकडे फिरवला आणि गाडी पुन्हा चालू केली. काय सांगू! सिटी सेंटरपर्यंत चौकाचौकात मुद्दाम थांबलो. एकदाही बंद नाही! मेहुण्यांच्या दारात तशीच धडधडत ठेवली आणि आत जाऊन सोनं दिलं. त्यांनी माझ्यासमोर कबाडवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. बाबांची गाडी राहिली हो! डोळे भरून आले माझे.

छाती फुगवून गल्लीत परतलो. गुप्ताजी वाटच बघत होते.

"भाईसाहब, हमारी डीज़ल भी खड़े-खड़े बंद हो जाती है. सेट हो जाएगी?"

"अरे, क्यों नहीं! कल सुबह ही लो!"

"बढ़िया! तो सुबह भाभीजी को भेज देना." मग जरा विचार करून म्हणाले, "आपका मन हो, तो आप भी आ जाना."