सरबताच्या बाटलीतलं टर्पेंटाइन

ये, अशी जवळ बस. तो मोबाईल आधी बाजूला ठेव. तुलाच म्हणतेय. तुझ्या ओट्याखाली फिनाईल कशात भरून ठेवलंयस गं? कोल्ड्रिंकच्या बाटलीतच ना? न बघता सांगते मी. आणि ॲसिड पाण्याच्या बाटलीत. वर म्हणशील, "मावशी, झाकण घट्ट आहे." काय करायचं त्या झाकणाला! लेकरांच्या हातांना लई ताकद असते, बाई. रागावले म्हणून तोंड पाडू नको. माझ्यावर असं कुणी वेळेवर रागावलं असतं, तर आज हे लिहायला बसले नसते.

"केमिकल न्यूमोनायटिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला त्यातला न्यूमोनिया तेवढा कळला. म्हणलं, "सर्दी तर नव्हती हो हिला." त्यांनी एक्सरे उजेडासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं. उजव्या बाजूला खाली, धुक्यासारखं पांढरं. त्या म्हणाल्या, "आजी, न्यूमोनिया जंतूंनी होतो. हा रसायनानं झालाय. टर्पेंटाइन फुप्फुसात गेलंय, तिथं आतून सूज आलीय."

मी विचारलं, "पण ते तर तिच्या पोटात गेलं होतं. फुप्फुसात कसं गेलं?"

त्यांनी एक्सरे खाली ठेवला. मग म्हणाल्या, "उलटी कुणी काढली?"

मीच काढली होती.

आता सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं घर औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत. खाली मी एकटी, वर भाडेकरू. ज्योती आणि राहुल. ज्योती शेंद्र्याला कंपनीत, राहुल वाळूजला. म्हणजे एक शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मधे दोन पोरी माझ्यापाशी. मोठी सई दुसरीत. धाकटी स्वरा अजून चार वर्षांचीसुद्धा नाही. मी तिला चिमी म्हणायची. माझ्या रक्ताच्या नव्हेत, पण मला आज्जी म्हणायच्या, आणि भात माझ्या हातचाच गोड लागायचा त्यांना.

ज्योती पहिल्यांदा पोरी ठेवायला आली तेव्हा कचरत होती. "मावशी, तुम्हाला त्रास होईल." मी म्हणलं, "अगं, चार लेकरं वाढवलीत मी पाचोडला, शेतात कामं करून. तुझ्या दोन काय जड आहेत?" किती तोऱ्यात म्हणलं होतं. ते वाक्य आता आठवलं की नकोसं होतं.

आमच्याकडं महालक्ष्म्या असतात. उभ्या महालक्ष्म्या. दोघींचे लोखंडी सांगाडे आहेत, सासूबाईंच्या वेळचे. त्यांवर साड्या नेसवायच्या, वर मुखवटे बसवायचे. सांगाड्यांना गंज चढतो म्हणून दर वर्षी सण आला की मी त्यांना चंदेरी ऑइलपेंट देते. मुलं म्हणतात, आई, नवीन स्टीलचे घे. पण मला ते सांगाडे रंगवायला आवडतं. जणू माहेरवाशिणींना न्हाऊमाखू घालतेय असं वाटतं.

रंग पातळ करायला टर्पेंटाइन लागतं. दुकानातला डबा मोठा, एका हातानं उचलत नाही. म्हणून मी थोडं छोट्या बाटलीत काढून घेतलं. बाटली कोणती? पोरी शाळेतून आल्या की ज्यांतून त्यांना लिंबाचं सरबत द्यायची, त्यांतलीच एक. घरात बाटली टाकायची नाही, धुऊन ठेवायची, ही आमची जुनी खोड. माझ्या मांडणीवर अशा ओळीनं बाटल्या होत्या, आणि मला त्याचा अभिमान होता बरं का.

एका महालक्ष्मीचा सांगाडा रंगवून झाला. दुसरा घ्यायचा होता. तेवढ्यात गच्चीवर ऊन दाखवायला टाकलेल्या शेवया आठवल्या, वर ढग आलेले. सईला म्हणलं, "चिमीकडं बघ गं, आले मी." शेवया गोळा केल्या आणि खाली आले, तर चिमी खोकत होती. ठसका लागावा तसा, पण थांबेना. बाटली आडवी पडलेली. घरभर वास.

सई म्हणाली, "आज्जी, तिनं सरबत पिलं. मी नको म्हणाले तिला."

किती पिली, कुणाला ठाऊक. पांढरं, पाण्यासारखं दिसणारं. तिला वाटलं, आज्जीनं लिंबूपाणी काढून ठेवलंय. एक घोट घेतला असेल आणि तोंड पोळल्यावर थुंकलं असेल.

आणि इथंच माझी खरी चूक झाली. बाटलीची चूक तर झालीच होती, पण ही तिच्याहून मोठी.

पाचोडला आमच्या शेजारच्या वस्तीवर एका गड्याच्या पोटात फवारणीचं औषध गेलं होतं. तेव्हा म्हाताऱ्या बायांनी त्याला मिठाचं पाणी पाजून पाजून उलट्या काढल्या, आणि तो वाचला. मी तिथंच उभी होते, नवी सून. ते डोक्यात पक्कं बसलेलं. विष म्हणलं की मिठाचं पाणी. मी विचारसुद्धा केला नाही. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं, लेकराचं नाक दाबून पाजलं आणि घशात बोटं घातली. ती रडत होती, हात झाडत होती. मी म्हणत होते, "काढ माझी बाय, काढून टाक." उलटी झाली. मला हायसं वाटलं! खरंच सांगते, मी देवाला हात जोडले.

उलटीनंतर मात्र तिचा खोकला वाढला आणि ती मलूल व्हायला लागली.

कोपऱ्यावर सलीमभाईंची रिक्षा उभी असते. मी तिला कडेवर घेऊन धावले, सई माझ्या पदराला धरून. ते म्हणाले, "अम्मा, बैठो, बैठो. कुछ नै होता." आणि त्या गर्दीतनं, हातगाड्या आणि दुचाक्यांमधनं, हॉर्नवरचा हात न काढता त्यांनी आम्हाला लहान मुलांच्या दवाखान्यात पोचवलं.

तिथं पहिला प्रश्न आला, "काय पिलंय? बाटली आणलीय का?"

मी पिशवी उघडली. घाईघाईत काय आणलं होतं मी? देव्हाऱ्यातला अंगारा आणि छत्री. सलीमभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "क्या अम्मा, बारिश का इलाज कराने आए क्या!" आणि बाटली आणि डबा आणायला तसेच माघारी गेले. त्या वेळीसुद्धा मला हसू फुटलं, आणि लगेच रडू. तुम्ही हे लक्षात ठेवा. जे पोटात गेलंय त्याचा डबा, बाटली, काय असेल ते सोबत न्या. त्यावरचं वाचून डॉक्टरांना दिशा मिळते.

चिमीच्या बोटाला चिमटा लावला. त्याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात, रक्तात प्राणवायू किती आहे ते त्यावर कळतं. आकडा कमी होता, पण फार कमी नव्हता. एक्सरे काढला, तो साफ आला. मी लगेच उठले, "चला, देव पावला. घरी जाऊ."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा, आजी. आत्ताचा एक्सरे साफ आहे, याला फार अर्थ नाही. याचा परिणाम काही तासांनी दिसतो. तिला इथं ठेवावं लागेल."

मी मनात म्हणलं, दवाखानेवाल्यांचं असंच असतं. बघा, कसं डोकं चालतं आपलं.

मग ज्योतीला फोन. रिंग वाजून वाजून बंद. परत लावला, परत तेच. नंतर कळलं, कामावर जाताना त्यांचे फोन लॉकरमध्ये ठेवून घेतात. तिचा फोन त्या लोखंडी कपाटात वाजत होता आणि ती मशीनपाशी उभी होती. वर्षभर तिची लेकरं सांभाळली, पण तिच्या कंपनीच्या ऑफिसचा नंबर मी कधी मागितला नव्हता. कुणाची लेकरं घरात घेत असाल तर हे आधी विचारा, जेवायला काय आवडतं ते मागनं.

राहुलनं उचलला. तो आधी पोचला. पोरीच्या नाकात ऑक्सिजनच्या नळ्या बघितल्या आणि माझ्याकडं वळला. "मावशी, तुमच्या भरोशावर..." एवढंच म्हणाला आणि थांबला. पुढचं बोलला असता तर बरं झालं असतं. ते अर्धं वाक्य मी अजून माझं मीच पुरं करत असते.

संध्याकाळी ताप चढला. श्वास लागला, छातीच्या बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले. पुन्हा एक्सरे. तेव्हा ते धुकं दिसलं, आणि तो प्रश्न आला, उलटी कुणी काढली.

मी सगळं सांगितलं. मीठ, बोटं, सगळं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पण त्यांनी नीट समजावलं, ते जसंच्या तसं सांगते, कारण हे तुमच्या कामाचं आहे. "आजी, टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल, थिनर, हे सगळं पातळ आणि पटकन पसरणारं असतं. पोटात राहिलं तर बहुतेकदा फार बिघडत नाही. पण उलटीबरोबर वर आलं की श्वासनलिकेत घसरतं. याला आम्ही ॲस्पिरेशन म्हणतो, म्हणजे पोटातलं श्वासात जाणं. पहिल्या ठसक्यातही थोडं गेलं असेल. उलटीनं धोका वाढला. आणि मिठाचं पाणी तर कुठल्याच विषाला पाजू नका. लहान लेकराच्या रक्तात मीठ वाढलं तर त्यानंच झटके येतात."

मी म्हणलं, "मग याला उतारा काय?"

"उतारा नाही. ऑक्सिजन द्यायचा, नजर ठेवायची आणि वाट बघायची."

ज्योती आली ती कंपनीच्या गणवेशात, डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. सरळ लेकीपाशी गेली. मी भिंतीला टेकून उभी. म्हणलं, आता ही मला बोलेल, बोलू दे, चार लोकांत बोलू दे. तिनं चिमीच्या कपाळावर हात ठेवला, पांघरूण सारखं केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवल्या का काही?"

व्हय गं बाई, तेच लागलं मला. शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या.

पुढचे दिवस त्या बाकावरचे. पोरीचं काय होतंय, हा एकच विचार. दर वेळी दार उघडलं की मी उठून उभी राहायची. श्वास वाढला की वाढीव ऑक्सिजन, कमी झाला की कमी. एकदा डॉक्टरीणबाई बाहेर येऊन राहुलला म्हणाल्या, "थकली तर मशीनवर घ्यावं लागेल." मशीन म्हणजे व्हेंटिलेटर, श्वास तिच्याऐवजी यंत्रानं घ्यायचा. त्या दिवशी मी नवस बोलले नाही. मला तोंडच नव्हतं देवीकडं मागायला. तिच्याच सांगाड्याच्या रंगापायी हे झालेलं.

मशीनची वेळ आली नाही. हळूहळू ताप उतरला. एका सकाळी चिमीनं नळी ओढली आणि नर्सला म्हणाली, "हे नाकात का घातलंय, मी काय हत्ती आहे का?" अख्खा वॉर्ड हसला. ज्योती हसता हसता खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी दारातूनच बघितलं. आत जायचा धीर झाला नाही.

पोरगी बरी झाली. नंतरच्या तपासणीत फुप्फुसही स्वच्छ दिसलं, डॉक्टर म्हणाल्या. त्या डॉक्टरीणबाईंचे, नर्सांचे, आणि सलीमभाईंचे उपकार कशानं फेडू? सलीमभाईंनी भाडं नाही घेतलं. म्हणाले, "अम्मा, बच्ची की हँसी में आ गया."

महालक्ष्म्या त्या वर्षी बसवल्या. एक सांगाडा चंदेरी, दुसरा गंजका. हात धजला नाही दुसऱ्याला रंग द्यायला. वरून साड्या नेसवल्या की कुणाला काही दिसत नाही. मला दिसतं.

दिवाळीनंतर ज्योतीनं शेंद्र्याजवळ खोली घेतली. "जाण्यायेण्यात लई वेळ जातो, मावशी. तिथं पाळणाघर पण आहे." बोलणं खरंच होतं. जाताना पाया पडली, पोरींनाही पाडलं. भांडण नाही, अबोला नाही. फोन असतो कधीमधी. परवा चिमीनं मागनं ओरडून विचारलं, "आज्जी, तुझ्या घरात अजून तो घाण वास येतो का?"

नाही गं चिमे. बाटल्या साऱ्या भंगारात दिल्या. रंग, फिनाईल, ॲसिड, जे काही आहे ते आपापल्या डब्यात, आणि ते डबे वरच्या फळीवर, कडीकुलपात. मांडणी रिकामी झाली. रिकामीच बरी दिसते, आधी सवय नव्हती.

म्हणून सांगते गं बायांनो, माया असली म्हणजे राखण झाली असं नसतं. माझी माया त्या दिवशीही काही कमी नव्हती. असं काही घडलं तर आपल्या मनानं काही पाजू नका, उलटी काढू नका, लेकराला उचला आणि दवाखाना गाठा. मला उशिरा कळलं, तुम्हाला आधी कळू दे.

आणि ज्योती, हे तुझ्या हाती पडलं तर ऐक. महालक्ष्म्या जवळ आल्यात. दुसरा सांगाडा अजून तसाच आहे. यंदा राहुल आला तर त्याच्याकडून रंगवून घेईन, मी लांबूनच बघेन. पुरणाचं तू माझ्यावर सोड. पाणी मात्र तूच माठातनं काढ, तूच आधी पी आणि मग पोरींना दे. मला वाईट नाही वाटणार. पण ये गं. पोरींना घेऊन लवकर ये.