पारूच्या पातेल्यात

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही, आणि आता तर ते नाहीतच. लेकीला सांगायचं मनात यायचं — की मी काहीतरी काम काढून उठायची. आज तुमच्यापाशी बसलेय तर बोलून टाकते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. महाडात पेठेच्या मागे आमचं लॉज होतं. लॉज कसलं डोंबलाचं — चार खोल्या, पडवी आणि मागे चूल. रायगड बघायला मुंबईची मंडळी यायची. ह्यांच्या डोक्यात आलं, की राहणं, चहा, दोन वेळचं पोटभर जेवण, गडावर न्यायला माणूस, जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडांवर बैलगाडीतून फेरी — सगळं धरून एकच दर ठेवायचा. लोक खूश! खोल्या भरलेल्या. पण पोटभर म्हणजे किती हो? गड उतरून आलेली माणसं अशी जेवायची की पातेली खरवडावी लागायची. लॉज भरलेलं आणि हाती काही उरत नाही. ह्यांचं तोंड सदा उतरलेलं, आणि राग निघायचा माझ्यावर.

त्यात पारू. माझी चुलत जाऊ, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीतली. नवरा मुंबईला गोदीत होता, तो तिकडेच तापाने गेला. दीर तिला नीट बघेनात, म्हणून आम्ही तिला स्वयंपाकाला आणली. आमचं लॉज सोडलं तर तिला दुसरा आसरा नव्हता. आणि हे मला पक्कं ठाऊक होतं — ते आधीच सांगून ठेवते.

तिच्या हाताला चव होती, आणि वाढताना हात सैल. “घ्या हो भाऊ, लाजताव कशाला, म्हावरं ताजं हाय,” म्हणत वाढतच जायची. मी डोळे वटारायची, पण तिचं लक्ष असेल तर ना! पुढच्या वर्षी तीच माणसं परत आली की दारातच विचारायची, पारूबाई आहेत ना? मालकीण मी, दारात उभी मी. मला कोण विचारतंय? जळले मी. खरं तेच सांगते — आतून जळफळाट व्हायचा.

मग मी एक करायला लागले. एखाद्या दिवशी माणसं कमी असली की उरेल ते कालवण, खर्च वाचावा म्हणून, दुसऱ्या दिवशीच्या ताज्यात मिसळायचं. घरात आपण शिळं कालवण खात नाही का? आवडीने खातो. पण पारूला ते खपलं नसतं, म्हणून ती पाण्याला गेली की मी हळूच झाकण उघडायची. शिमग्यापर्यंत निभावलं. मग उन्हाळा लागला, आणि महाडचा उन्हाळा म्हणजे नुसती भट्टी. त्या दिवशी दासगावच्या खाडीची मासळी आली होती, अगदी ताजी. पारूने कालवण केलं आणि ती पाण्याला गेली. कालच्या कालवणाला वास येत होता का? — येत होता. मी चार आमसुलं जास्तीची टाकली आणि ढवळलं.

संध्याकाळपर्यंत दोन खोल्यांतली माणसं आडवी. एक लहान मुलगी तर इतकी गळाली की डॉक्टरला बोलवावं लागलं. तिचा बाप पडवीत उभा राहून ओरडत होता. हे माझ्याकडे वळले. “कालवण कुणी केलं?”

एवढंच विचारलं होतं हो. मी म्हणाले, “पारूनं. कितीदा सांगितलं तिला, मासळी बघून घेत जा म्हणून!”

पारूनंच केलं होतं ना? मग खोटं काय बोलले? — असं मी किती वर्षं स्वतःलाच समजावत आले. पारू खाली बसली, आणि रिकाम्या पातेल्याचा वास घेऊन बघायला लागली.

मुलगी बरी झाली. पण सकाळी ह्यांनी पारूला पोलादपूरच्या एसटीत बसवून दिलं. ज्या दिरांना ती नकोशी होती, त्यांच्याच दारात परत. आणि बोभाटा तिच्या आधी पोचला. वाडीत लग्नाचं रांधण सगळ्या बाया मिळून करतात. तिला त्यात कुणी बोलवेना. हे माझ्या कानावर यायचं. मी ऐकून पुन्हा कामाला लागायची.

पुढे लॉजही बंद पडलं. माझ्या लेकीच्या लग्नाला पारू आली, अगदी वाळून गेलेली. मांडवाच्या कडेला बसून राहिली. मला वाटलं, रागावली असेल. खरं तर रागावलेली असावी असंच मला वाटत होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, “चुलीपाशी ये की गो, वरणाचं मीठ बघ.”

तिने माझा हात धरला. “नको गो आक्का. पोराबाळांचं घर हाय. त्या दिवशी म्हावरं मीच नीट बघितलं नाय, अजून आठवलं की जीव उडतो. तू मागनं कधी तोंडावर काढलं नायस. तुझं मन मोठं.”

ओठांपर्यंत आलं होतं. पण मांडवात व्याही होते, हे होते, चारचौघं होती. मी म्हणाले, “बस, जेवून घे.”

त्यानंतर काही वर्षांनी ती गेली. तसंच समजून गेली.